सीबीटीचं पदव्युत्तर प्रशिक्षण आणि सुपरव्हिजन: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात सीबीटीचं (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणूक तपासत केलेला बोलण्यातून उपचार) काम करते आणि शिकणाऱ्यांना सुपरव्हिजनही देते, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख ठेवते. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून एम.ए. झालेले, एमएसडब्ल्यू झालेले, अधूनमधून मानसोपचारात पीजी करणारे डॉक्टर फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत. लोक जिथे अडकतात तिथेच ती लांबली आहेत.

सीबीटी म्हणजे पेशंटला सकारात्मक विचार करायला शिकवणं ना?

नाही. हा समज घेऊन आलात तर पहिले तीन महिने तो काढण्यातच जातात. आरॉन बेक मुळात मनोविश्लेषण शिकलेले डॉक्टर. १९६०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नैराश्याच्या पेशंटांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की माणूस आपल्याशी बोलत असतो तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरंच एक बोलणं झर्रकन चाललेलं असतं, आणि त्याचा मूड त्या बोलण्यामागे जातो. ते बोलणं पकडायचं, पेशंटसोबत बसून तपासायचं, आणि तपासायला वागणुकीतले छोटे प्रयोग करायचे, हे सीबीटीचं काम. तपासल्यावर विचार खराही निघू शकतो. मग पुढचं काम वेगळं असतं.

आपल्याकडे पुष्कळांना आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार) आणि सीबीटी एकच वाटतं. आरईबीटी अल्बर्ट एलिस यांची, १९५०च्या दशकातली. मुंबईच्या किशोर फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली, आणि मराठी माणसाच्या कानावर 'विवेकनिष्ठ' हा शब्द आधी पडला. नातं जवळचं, पण घराणी दोन. शिकताना कोणत्या घराण्यात बसलो आहोत ते माहीत असू द्या.

एम.ए. झालंय, दोन दिवसांच्या कार्यशाळेचं 'सर्टिफाइड सीबीटी प्रॅक्टिशनर' असं प्रमाणपत्रही आहे. सुरुवात करू का?

त्या प्रमाणपत्रासाठी तुमचं एक तरी सेशन कुणी ऐकलं होतं का? नसेल, तर तुम्ही सीबीटीबद्दल ऐकून आला आहात एवढंच ते सांगतं. विहिरीच्या काठावर बसून पोहण्याचं व्याख्यान ऐकलं, तसं. कार्यशाळा वाईट नसतात, मीही घेते. पण मी घेतलेल्या कार्यशाळेचा कागद फ्रेम करून बाहेर पाटीशेजारी टांगलेला पाहिला तेव्हा पोटात गोळा आला.

सीबीटीचा डिप्लोमा केला, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लावता येईल का?

नाही. ते नाव लावायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदणी पुस्तकात नाव हवं, आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केलेला हवा. कायदा १९९२चा आहे, नोंदणीशिवाय काम केल्यास शिक्षेची तरतूदही त्यात आहे. इतकी वर्षं तो अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. होतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६पर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि आता नव्या रचनेचे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून बघा. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नको.

डिप्लोमा करून समुपदेशक म्हणून काम करता येतं. पाटीवर तेच लिहा. आणि औषध लिहून देणं या दोघांच्याही अखत्यारीत येत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम.

सुपरव्हिजनमध्ये प्रत्यक्षात काय होतं? केसची चर्चाच ना?

चर्चा असते, पण तेवढ्यावर भागत नाही. आपण सेशनमध्ये काय केलं हे आठवून सांगताना प्रत्येकजण स्वतःला नकळत दोन-चार मार्क वाढवून देतो. म्हणून रेकॉर्डिंग ऐकायचं.

माझाच किस्सा सांगते. पेशंटची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रावेरकडचे एक आबा. जूनच्या वादळात घडावर आलेली केळीची बाग एका रात्रीत आडवी झालेली. "मी घर बुडवलं" हे त्यांचं वाक्य, तासाभरात सहा-सात वेळा आलेलं. मी नवी होते, वाचलेला प्रश्न जिभेवर तयार होता: "आबा, या विचाराला पुरावा काय?" आबा काही बोलले नाहीत. त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. थकबाकीची नोटीस. आणि मी काय केलं? "बरं, आता दुसऱ्या बाजूनेही पाहू या" म्हणत वहीत दोन रकाने आखायला घेतले.

सुपरवायझर मॅडमनी रेकॉर्डिंग तिथे थांबवलं. मला वाटलं, आता रकान्यांबद्दल काहीतरी सांगतील. त्यांनी विचारलं, "नोटीस वाचलीस का?"

नव्हती वाचली.

पुढच्या सेशनला आबा आणि मी आधी नोटीस वाचली. रक्कम किती, तारीख कोणती, भेटायचं कुणाला, सोबत कोणता पुतण्या येईल. अर्धा तास त्यातच गेला, आणि तोही सीबीटीचाच भाग होता, समस्या सोडवण्याचा. कर्ज खरं होतं. "मी घर बुडवलं" हा त्या कर्जावर चढवलेला निकाल होता. त्या निकालाकडे आम्ही आलो तिसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा आबाच म्हणाले की वादळ काही त्यांनी बोलावलं नव्हतं. दोन रकाने आखावेच लागले नाहीत.

एरवी सुपरव्हिजनचा तास साधारण असा जातो: तुम्ही एक नेमका प्रश्न घेऊन येता ("ही बाई प्रत्येक वेळी विषय नवऱ्यावर नेते, मी थांबवू कशी?"), त्या जागेचं दहा-बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकतो, मग मी पेशंट होते आणि तुम्ही तोच प्रसंग पुन्हा करून दाखवता. शेवटी पुढच्या सेशनमध्ये नेमकं काय करणार ते ठरतं. सेशनला जसा अजेंडा आणि गृहपाठ असतो, तसाच सुपरव्हिजनलाही.

मार्क असतात का?

असतात. कॉग्निटिव्ह थेरपी रेटिंग स्केलमध्ये ११ बाबी आहेत: अजेंडा ठरवला का, पेशंटचं म्हणणं समजून घेतलं का, प्रश्न विचारत शोध घेतला की उपदेश केला, वेळ नीट वापरला का, गृहपाठ कसा दिला, वगैरे. प्रत्येकीला ० ते ६, एकूण ६६. साधारण ४० मिळाले की सक्षम धरतात. पहिल्या रेकॉर्डिंगला पंचवीसच्या आसपास मिळाले म्हणून रडणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. आपल्याकडे ३५ ला पास व्हायची सवय, त्यामुळे हे मार्क फार लागतात.

किती तास, किती पेशंट?

भारतात सीबीटीपुरता असा एकच बंधनकारक आकडा नाही. अंदाजासाठी ब्रिटनकडे बघा: तिथल्या सीबीटी संघटनेच्या किमान निकषांत देखरेखीखालचं २०० तासांचं प्रत्यक्ष काम आणि पूर्ण केलेल्या ८ केसेस असतात, आणि त्या सगळ्या एकाच प्रकारच्या चालत नाहीत. नैराश्याच्या आठ केसेस झाल्या म्हणून ओसीडी (नको ते विचार येत राहणं आणि त्यापायी हात धुण्यासारखी कृती पुन्हा पुन्हा करणं) जमेलच असं नसतं. ओसीडीत पेशंटचा हात अस्वच्छ वाटणाऱ्या वस्तूला लावून घ्यायचा, धुवू द्यायचा नाही, आणि शेजारी शांत बसायचं. हे समोर कुणीतरी करून दाखवल्याशिवाय येत नाही.

रेकॉर्डिंगला इथले पेशंट तयार होतात का?

विचारणाऱ्याचा चेहरा घाबरलेला नसेल, तर बरेच होतात. मी साधं सांगते: "मी अजून शिकते आहे, माझ्या मॅडम माझं बोलणं तपासतात. तुमचं नाव सांगणार नाही, ऐकून झालं की पुसून टाकणार. नको असेल तर नको, उपचार तसाच चालेल." लेखी संमती घ्या. पेशंटला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि घाईत अंगठा घेऊ नका. फाइल फोनच्या गॅलरीत ठेवू नका, तोच फोन घरी मुलं खेळायला घेतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा पेशंटचा हक्क केला आहे. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाचं लैंगिक शोषण उघड झालं असेल, तर गोपनीयतेला मर्यादा येते, आणि हेही पहिल्याच दिवशी सांगायचं असतं.

सुपरवायझर पुण्याचे, पेशंट अहिराणी बोलतो. जमेल का?

जमतं, पण कष्टाने. आणि खरी गोम अहिराणी न कळण्यात नसते, आपण ती 'सुधारून' लिहितो त्यात असते.

धुळ्याच्या एका विद्यार्थिनीने विचार-नोंदीत लिहून आणलं: "नकारात्मक स्वप्रतिमा." मी म्हटलं, बाई असं बोलली? रेकॉर्डिंग लावलं. बाई म्हणत होती, "मी काहीच कामनी नही." या वाक्यात जो जीव आहे, तो 'स्वप्रतिमेत' कुठून येणार? सीबीटीत चटका देणारा विचार पेशंटच्याच शब्दांत धरायचा असतो, कारण पुढे तपासायचा तोच असतो. 'स्वप्रतिमा' तपासता येत नाही. 'कामनी नही' तपासता येतं: काल सकाळपासून कायकाय केलं ते मोजू या. त्या बाईने पहाटे गोठा, मग भाकरी, मग कापूस वेचणीला शेत, असं सांगत आणलं आणि मध्येच स्वतःच थांबली.

अहिराणीत 'मन्हं' म्हणजे 'माझं'. "मन्हं मन लागस नही" हे वाक्य पुण्याच्या सरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं रेकॉर्डिंग अडखळलं. आता आमचा नियम आहे: रेकॉर्डिंगसोबत पाच-सहा कळीची वाक्यं जशीच्या तशी लिहून पाठवायची, खाली प्रमाण मराठीत अर्थ. भुसावळ-यावलकडे लेवा बोलीसाठीही तसंच. नंदुरबारला भिलोरी किंवा पावरी बोलणारा पेशंट असेल आणि तुम्हाला ती येत नसेल, तर दुभाष्या लागेल. तो पेशंटच्या घरचा नको. सासूच दुभाषी असलेलं एक सेशन मी ऐकलं आहे. सून दोन मिनिटं बोलायची आणि भाषांतर यायचं, "ती म्हणते बरं आहे."

गृहपाठ लिहून आणायला सांगतात. पेशंटला लिहिता येत नसेल तर?

मग लिहू नका. एका मुलीने चिंचोक्यांवर काम केलं होतं: घरात दोन डबे, छातीत धडधडलं की एक चिंचोका लाल झाकणाच्या डब्यात, धडधड असूनही काम चालू ठेवलं की एक निळ्यात. आठवड्याने दोन्ही डबे पिशवीतून आले, आम्ही टेबलावर ओतून मोजले. छापील तक्त्यापेक्षा ते रेकॉर्डिंग ऐकायला मला जास्त आवडलं. रिकामे तक्ते घेऊन येणाऱ्या पेशंटला "तुम्ही सहकार्य करत नाही" म्हणण्याआधी, आपण गृहपाठ देताना किती सेकंद घेतले ते रेकॉर्डिंगमध्ये बघा. बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकलेला असतो.

पेशंट दर आठवड्याला येत नाहीत. बारा-सोळा सेशन होणार कसे?

धडगावहून नंदुरबारला यायला एसटीने दिवस मोडतो, मजुरी बुडते. अशा वेळी पुस्तकातल्या वेळापत्रकाचा हट्ट धरू नका. बाजाराच्या दिवशी वेळ द्या, मधल्या आठवड्यात वीस मिनिटांचा फोन ठेवा. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवड्यात बायकांच्या वेळा धरूच नका, त्या माहेरी जातात. जायलाच हव्यात, कित्येकींसाठी तेवढाच काय तो उपचार. सोंगणी, कापूस वेचणी, लग्नसराई हे सगळं केस मांडतानाच धरायचं असतं. दोन-तीन भेटीतच संपणाऱ्यांची तयारी म्हणून पहिल्याच भेटीत काहीतरी हातात देऊन पाठवा. झोपेचं एखादं काम द्या, नाहीतर दिवसात एक ठरलेली कृती.

पॅनिकमध्ये (अचानक जोराची घबराट होते त्यात) मुद्दाम धाप लागेल असा व्यायाम करायला लावतात, म्हणे?

हो. जागेवर पळणं, जोरजोरात श्वास घेणं, म्हणजे धडधड झाली तरी मरण येत नाही याचा अनुभव येतो. पण भुसावळात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असताना दुपारी दोन वाजता हा प्रयोग करू नका. चक्कर उन्हाची की घाबरण्याची, हे मग तुम्हालाही कळणार नाही. आधी डॉक्टरांकडून हृदय, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि सकाळची वेळ घ्या.

पेशंट भगताकडेही जातो. थांबवू का?

नको. भांडण लावून तुम्ही हरणार. "भगतांनी काय सांगितलं? ते केल्यावर किती दिवस बरं वाटलं?" असं विचारा, खऱ्या कुतूहलाने. सीबीटीत यालाच तर मिळून शोध घेणं म्हणतात. मात्र मारहाण, चटके, उपाशी ठेवणं, औषध बंद करायला लावणं चालू असेल तर तिथे गप्प बसायचं नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आहे.

पेशंट मरणाचं बोलला तर सुपरव्हिजनच्या दिवसापर्यंत थांबायचं का?

अजिबात नाही. पेशंट समोर असतानाच सुपरवायझरला फोन. हे सुरुवातीच्या करारात लिहून घ्या: कुठल्या नंबरवर, ते नसतील तर कुणाला.

पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेता तेव्हा एकूण बेरजेआधी नववा प्रश्न बघा, तो मरणाच्या विचारांबद्दल आहे. बेरीज ८ आणि नवव्याला ३, असा पेशंट 'सौम्य' म्हणून घरी पाठवायचा नसतो. थेट विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. आणि आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारायचीच: फवारणीचं औषध कुठे ठेवलंय? ते आजच घरातून हलवायचं, भावाकडे किंवा शेजाऱ्याच्या कुलपात. तो झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात डबा हाताशी नसणं यावर जीव वाचतो. घरच्या माणसाला बोलवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवा, १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा चोवीस तासांचा मोफत नंबर कागदावर लिहून द्या, त्यावर मराठीत बोलता येतं. 'पोलीस केस होईल' म्हणून घरचे लपवतात. त्यांना सांगा, २०१७च्या कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानतं आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतं.

गाव लहान आहे. पेशंट ओळखीचाच निघतो.

निघणारच. माझ्याकडे एकदा आमच्याच व्याह्यांच्या घरातलं कुणी आलं होतं. जवळचं नातं असेल तर दुसऱ्याकडे पाठवा. नुसती तोंडओळख असेल तर पहिल्याच दिवशी बोलून घ्या: "लग्नात भेटलो तर मी आधी हाक मारणार नाही. तुम्ही मारलीत तर मारेन." आणि सुपरव्हिजनमध्ये हे लपवू नका. लपवलेलं पुढे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतंच.

जवळपास सुपरवायझर कुणी नाहीच. मग?

ऑनलाइन चालतं. माझे निम्मे विद्यार्थी स्क्रीनवरच आहेत, लाइट गेली की फोनवर. त्यासोबत तीन-चार जणांचा गट करा. गोव्यात हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राम झाला, त्यात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या पेशंटांना सहा ते आठ सेशनचा वर्तनावर भर देणारा उपचार दिला आणि त्याचा फायदा झाल्याचं २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. हे समुपदेशक एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून मार्क देत, वर तज्ज्ञ लक्ष ठेवत. आपल्याला नेमकं हेच उचलता येण्याजोगं आहे. फक्त तज्ज्ञाची नजर पूर्ण काढून टाकू नका. चार नवशिके एकमेकांना "छान झालं" म्हणत वर्षभर चुकू शकतात.

फी भरण्याआधी सुपरवायझरला काय विचारू?

माझं रेकॉर्डिंग तुम्ही ऐकणार का, की फक्त चर्चा? तुमचं स्वतःचं काम कुणी ऐकलं आहे का? अडचणीच्या वेळी फोन उचलाल का? तुमचं एखादं सेशन मला ऐकवाल का? शेवटच्या प्रश्नावर माणूस चिडला तर पुढे जाऊ नका. मी माझं ऐकवते, त्यातही तो आबांचा तास आधी.

शिकून नोकरी मिळते का?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं, पण तिथे पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शाळा, कॉलेज, खाजगी दवाखाने समुपदेशक घेतात, पगार बेताचा असतो. फक्त खाजगी प्रॅक्टिसवर पहिली दोन-तीन वर्षं भागवणं अवघड, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकवायची लाज वाटते. काय करू?

सगळ्यांना वाटते. आपला आवाज, आपलं ते सारखं "हं, हं". पूर्ण तास पाठवू नका. घरी एकटे ऐका, आणि जिथे बंद करावंसं वाटलं, तो मिनिट-सेकंद कागदावर लिहून ठेवा. भेटू तेव्हा तिथूनच लावू.